लाओसची तटस्थता आणि आपली : महाराष्ट्राच्या खासदारांना खुलं पत्र

महाराष्ट्रातून लोकसभेवर निवडून गेलेल्या सर्व ४८ सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी एकाच्या संपर्क कार्यालयात मी मध्यंतरी एक निवेदन घेऊन गेले होते. टेबलामागच्या मुलाने ते वाचलं, मागच्या बाजूला काही आहे का ते उलटून पाहिलं आणि विचारलं, "बाई, हे लाओस कुठल्या मतदारसंघात येतं?" तो चेष्टा करत नव्हता. त्याच्यापुढे दिवसभर पाणंद रस्ते, बदल्या, ट्रान्सफॉर्मर यांचेच अर्ज येतात. मी सांगितल्यावर "फॉरेनचं आहे होय" म्हणत त्याने कागद एका जाड फायलीत सरकवला. पोच मागितली तर म्हणाला, शिक्का साहेबांच्या गाडीत आहे. म्हणून आता उघडच लिहिते आहे.

मी निवृत्त शिक्षिका आहे. सातारा जिल्ह्यात ३१ वर्षं भूगोल शिकवला. लाओसच्या वाट्याला माझ्या फळ्यावर एकच ओळ यायची : आग्नेय आशियातला एकमेव भूवेष्टित देश. रिकामी जागा भरा, एक गुण. मुलं भरायची, मी गुण द्यायचे, पुढचा धडा. आणि हे सगळं करत असताना माझ्या घरात, सोप्यावरच्या खुर्चीत, त्या देशात दीड वर्ष काढलेला माणूस बसलेला असायचा.

माझे वडील, आम्ही आबा म्हणायचो, सैन्यात सिग्नल्सला, म्हणजे संदेशवहन शाखेत होते. १९६४ आणि ६५ मध्ये त्यांची नेमणूक लाओसच्या राजधानीत, व्हिएन्तियानला होती. गावात कुणी विचारलं की सांगायचे, "कमिशनमध्ये होतो." आमच्याकडे कमिशन म्हणजे दलाली. त्यामुळे आबा परदेशात दलाली करून आले आणि पैसा कुठे गेला कळत नाही, असं भावकीतल्या काही जणांना बरीच वर्षं वाटत होतं.

ते कमिशन म्हणजे आंतरराष्ट्रीय देखरेख व नियंत्रण आयोग. १९५४ च्या जिनिव्हा परिषदेनंतर व्हिएतनाम, कंबोडिया आणि लाओस या तिन्ही देशांत असे आयोग बसवले गेले. सदस्य तीन : भारत, कॅनडा, पोलंड. अध्यक्षपद तिन्ही ठिकाणी भारताकडे. पुढे २३ जुलै १९६२ ला जिनिव्हातच १४ देशांनी लाओसच्या तटस्थतेच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्यात अमेरिका होती, सोव्हिएत रशिया होता, चीन होता, उत्तर व्हिएतनाम होता, आपणही होतो. लाओसमध्ये परकं सैन्य येणार नाही, कुणी हस्तक्षेप करणार नाही, असा तो शब्द होता. तो पाळला जातोय की नाही हे बघण्याचं काम आयोगाकडे, म्हणजे आपल्याकडे. गावच्या भाषेत सांगायचं तर आपण पंच होतो, आणि तेही सरपंच.

शब्द कुणीच पाळला नाही. उत्तर व्हिएतनामचं सैन्य पूर्व लाओसमधून हो ची मिन्ह मार्ग, म्हणजे दक्षिण व्हिएतनामकडे माणसं आणि शस्त्रं नेणारी वाट, चालवत राहिलं. अमेरिकेने १९६४ पासून बॉम्बफेक सुरू केली आणि ती आपल्याच लोकांपासून वर्षानुवर्षं लपवली. आयोगाच्या पथकांना पाथेट लाओ या लाओसमधल्या कम्युनिस्ट बंडखोरांच्या ताब्यातल्या भागात जाऊ दिलं जात नव्हतं. आबांना विचारलं, की तुम्ही तिथे नेमकं करत काय होता, तर ते एवढंच म्हणायचे, "फिर्याद यायची, आम्ही पुढं धाडायचो. पंचनाम्याला जायला कोण सोडतंय?" मग तंबाखू मळत बसायचे. आम्हाला वाटायचं, विषय संपला.

एक गोष्ट मात्र ते दर दिवाळीला सांगायचे. आयोगाचं एक जुनं चार इंजिनांचं विमान सायगाव, नॉम पेन्ह, व्हिएन्तियान, हनोई असं फेऱ्या मारायचं. १८ ऑक्टोबर १९६५ ला ते व्हिएन्तियानहून हनोईला निघालं आणि पोहोचलंच नाही. १३ माणसं होती, त्यातले पाच भारतीय. विमानाचा सांगाडाही आजवर सापडलेला नाही. "त्या दिवशी सेटवर कान लावून रात्र काढली," आबा म्हणायचे. सीमेवर गेलेल्यांची नावं गावोगावच्या स्मारकांवर आहेत आणि असायलाच हवीत. या पाच जणांना शहीद म्हणायचं की बेपत्ता, हे आबांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

आबा गेल्यानंतर, २०१८ मध्ये, मी आणि माझा भाऊ त्यांनी पाहिलेलं गाव बघायला म्हणून लाओसला गेलो. व्हिएन्तियानमध्ये त्यांच्या वेळचं काही सापडलं नाही. मग उत्तरेला सिएंग खुआंग प्रांतात फोन्सावानला गेलो, दगडी रांजणांचं पठार पाहायला. माणसाहून उंच, हजारो वर्षांपूर्वीचे रांजण माळावर विखुरलेले आहेत. त्यांच्यामधून चालताना पायाखाली छोट्या चौकोनी खुणा दिसतात, अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या लाल. पांढऱ्या बाजूला जमीन तपासून झालेली. लाल बाजूला पाय टाकायचा नाही. आमचा वाटाड्या हे सांगताना आवाज जरासुद्धा बदलत नव्हता. "चपला इथे काढा" म्हणावं तसं सांगत होता.

तिथल्याच एका गावात दुपारी एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी थांबलो. अंगणात लोखंडाचं डोंगीसारखं एक लांबट भांडं चार पायांवर ठेवलेलं, त्यात कांद्याची पात हिरवीगार. जवळ जाऊन बघितलं तर ते बॉम्बचं अर्धं टरफल. मोठ्या बॉम्बच्या पोटात छोटे बॉम्ब भरलेले असायचे. टरफल हवेत उघडायचं आणि सहाशे-सातशे गोळे रानभर उधळायचे. तो गोळा टेनिसच्या चेंडूएवढा असतो. तिकडे त्याला 'बॉम्बी' म्हणतात, मांजराच्या पिल्लाला ठेवावं तसं लाडाचं नाव. फ्रेंचांनी ठेवून गेलेला पेटांक नावाचा लोखंडी गोळ्यांचा खेळ लाओसमध्ये गल्लीबोळांत खेळतात. मुलाच्या हाताला बॉम्बी आणि पेटांकचा गोळा यांत फार फरक लागत नाही.

बाईंनी चहा ठेवला. चूल परसात होती, ओल्या वाऱ्याच्या तोंडावर. धूर सरळ घरात येत होता. मी आपली शिक्षकी सवयीने म्हणाले, चूल त्या भिंतीच्या आडोशाला का नाही घेत? वाटाड्याने भाषांतर केलं. त्या हसल्या आणि मानेने नको म्हणाल्या. आहे ही जागा त्यांच्या सासूने धरलेली. इथे ४० वर्षं जाळ पेटतोय, म्हणजे खाली काही नाही. भिंतीपाशी कधी पेटवलेलं नाही. जमिनीत वितभर खाली बॉम्बी असला आणि वर रोज जाळ केला तर तो तापून फुटतो. तिकडे अशा चुलीपाशी माणसं गेलेली आहेत, शेकोटीपाशी मुलं गेलेली आहेत.

माझ्या भावाची चार एकर आहे. त्याने मळ्यात चाललेली कुदळ पाहिली आणि तो गप्पच झाला. नंतर म्हणाला, "ताई, हे नुसतं वरवर खरवडतायत. असं करून काय पिकणार?" आमच्याकडे उन्हाळी नांगरट जितकी खोल तितकी चांगली. तिथे खोल जाणं म्हणजे जुगार. जमीन आहे, पाऊस आहे, माणसं कष्टाळू आहेत, आणि कुदळ चार बोटांच्या खाली जात नाही. आपण ज्याला गरिबी म्हणतो त्यातली किती या चार बोटांमुळे आहे, याचा हिशेब भूगोलाच्या पुस्तकात नसतो. शाळेची खोली बांधायची, विहीर घ्यायची, रस्ता रुंद करायचा, तर त्याआधी यंत्र फिरवून जमीन तपासून घ्यावी लागते.

आता आकडे. ते मी फळ्यावर लिहिते तसेच लिहिते.

१९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत लाओसवर सुमारे ५ लाख ८० हजार बॉम्बफेकी मोहिमा झाल्या. सरासरी काढली तर दर आठ मिनिटांनी एक विमान, रात्रंदिवस. लोकसभेतला तुमचा प्रश्नोत्तराचा तास असतो ना, तेवढ्या वेळात साडेसात विमानं. एकूण २० लाख टनांहून अधिक दारूगोळा टाकला गेला, आणि तो महाराष्ट्राहून आकाराने लहान असलेल्या देशावर. छोटे बॉम्बी सुमारे २७ कोटी. त्यांतले ३० टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत, म्हणजे जवळपास ८ कोटी मातीत राहिले. युद्धकाळ धरून ५० हजारांवर माणसं या न फुटलेल्या दारूगोळ्याने मेली किंवा अपंग झाली. त्यातली २० हजारांहून अधिक युद्ध संपल्यावर, शांतता असताना. अलीकडे वर्षाचा आकडा शंभराच्या आत आला आहे, पण त्यात मुलं अजूनही पुष्कळ असतात. संयुक्त राष्ट्रसंघाने जगासाठी १७ शाश्वत विकास ध्येयं ठरवली. लाओसने स्वतःसाठी अठरावं जोडलं : न फुटलेल्या बॉम्बपासून सुरक्षित आयुष्य.

फोन्सावानजवळ थाम पिउ नावाची गुहा आहे. गावकरी विमानांच्या भीतीने तिच्यात राहायचे. २४ नोव्हेंबर १९६८ ला एक रॉकेट थेट आत शिरलं. लाओसच्या नोंदीप्रमाणे ३७४ माणसं. आम्ही गेलो तेव्हा तोंडाशी दगडांच्या छोट्या छोट्या उतरंडी रचलेल्या होत्या. आत मी गेले नाही.

एवढं सगळं तुम्हाला कशाला सांगते आहे? बॉम्ब टाकणारे आपण नव्हतो, हे खरं. माझ्या तक्रारी वेगळ्या आहेत.

पहिली आणि सर्वांत मोठी. क्लस्टर बॉम्बवर, म्हणजे पोटात छोटे बॉम्ब असलेल्या याच बॉम्बवर, बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार ३ डिसेंबर २००८ ला ऑस्लोत सह्यांसाठी खुला झाला आणि १ ऑगस्ट २०१० पासून लागू झाला. करारातल्या देशांची पहिली बैठक मुद्दाम व्हिएन्तियानला घेतली गेली. आज शंभरावर देश त्यात आहेत. ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, जपान आहेत, आपल्या शेजारचा श्रीलंका २०१८ मध्ये आला. भारत नाही. तेवढ्यावर भागत नाही. २०१५ पासून संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत या कराराला पाठिंबा देणारा ठराव येतो, आणि त्यावर भारत तटस्थ राहतो. युद्धात कुणाची बाजू न घेणं आणि ठरावावर ना होकार ना नकार देणं, मराठीत दोन्हीला शब्द एकच आहे, म्हणून मला तो जास्त लागतो. लाओसच्या तटस्थतेची राखण करायला आपण माझ्या बापाला पाठवलं. ती तटस्थता चिरडली गेली, आणि त्या चिरडण्यातून जो करार जन्मला त्यावर आपण तटस्थ.

सरकारची बाजू मला ठाऊक आहे. आपल्या दोन सीमा अशांत आहेत, चीन आणि पाकिस्तानने सही केलेली नाही, अमेरिका-रशियानेही नाही. असल्या हत्यारांवर बंदीपेक्षा नियमन हवं, अशी आपली भूमिका आहे. मी सैनिकाची मुलगी आहे. सीमेवरची गरज मला कुणी समजावून सांगायला नको. पण २००१ च्या डिसेंबरात ऑपरेशन पराक्रम सुरू झालं आणि राजस्थान, पंजाब, जम्मूच्या सीमेवरच्या शेतांत आपणच सुरुंग पेरले. युद्ध झालं नाही. सुरुंग काढायला मात्र पुढची काही वर्षं गेली, आणि तोवर आपल्याच शेतकऱ्यांचे आणि ते काढणाऱ्या आपल्याच जवानांचे पाय गेले. जमिनीत पुरलेल्या वस्तूला सीमा, तह, सरकार यातलं काही कळत नाही, हे आपल्याला दुसऱ्याने शिकवायची गरज उरलेली नाही. शिवाय २००५ मध्ये आपण पारंपरिक शस्त्रांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराला जोडलेला, स्फोटक अवशेषांबाबतचा पाचवा प्रोटोकॉल मान्य केलेला आहे, म्हणजे लढाईनंतर मागे उरलेलं साफ करायची जबाबदारी आपण तत्त्वतः घेतलीच आहे. मग एका ठरावाला हात वर करायला एवढं जड का?

दुसरी तक्रार घरातली आहे. क्लस्टर दारूगोळा बनवणाऱ्या देशांत आपली गणना होते. पिनाक रॉकेटची रचना पुण्यात, पाषाणच्या संरक्षण संशोधन संस्थेत झाली, आणि त्याच्या स्फोटकाग्रांच्या प्रकारांत छोटे बॉम्ब उधळणारा प्रकारही आहे. पिनाकचा अभिमान मलाही आहे. तिथले शास्त्रज्ञ हुशार आहेत, हेही मान्य. पण त्या छोट्या बॉम्बपैकी किती फुटत नाहीत, ते किती दिवसांनी आपोआप निकामी होतात, हे तुमच्यापैकी कुणी सभागृहात विचारल्याचं माझ्या वाचनात आलेलं नाही. पुण्याच्या खासदारांनी तर विचारायलाच हवं होतं.

तिसरी. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपले पंतप्रधान आसियान परिषदेसाठी व्हिएन्तियानला गेले. तिथे त्यांनी लाओ रामायणाचा, फ्रा लक फ्रा रामचा, प्रयोग पाहिला. दक्षिणेत चंपासकला वट फू मंदिराच्या जीर्णोद्धाराचं काम आपलं पुरातत्त्व खातं करतं. दोन्ही चांगलं आहे. रामायण तिथवर पोहोचलेलं पाहून कुणाला आनंद होणार नाही? पण दोन्ही देशांच्या भाषणांत प्राचीन संबंधच येतात. १९५४ ते १९७३ चे संबंध कुणी काढत नाही. ते जुनेही नाहीत आणि सोयीचेही नाहीत.

आणि हे सगळं आत्ताच लिहायचं कारण : कुंपण ढासळू लागलं आहे. २०२३ मध्ये अमेरिकेने युक्रेनला क्लस्टर बॉम्ब दिले. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, तेव्हा लाओसमधल्या न फुटलेले बॉम्ब शोधणाऱ्या पथकांचीही कामं थांबली. २०१६ मध्ये ओबामा लाओसला गेले, पदावर असताना तिथे जाणारे ते पहिले अमेरिकी राष्ट्राध्यक्ष. त्यांनी सफाईसाठी तीन वर्षांत ९ कोटी डॉलर जाहीर केले होते. नंतर दुसरा माणूस येतो आणि एका सहीने यंत्रं गप्प होतात. या पथकांत बायका पुष्कळ आहेत. गळ्यात टॉवेल, पायात गमबूट, दोरी लावून आखलेल्या पट्ट्यात पाऊल पाऊल सरकत त्या यंत्र फिरवतात. आवाज आला की गुडघ्यावर बसून खुरप्याने माती बाजूला करायची. दहातले बरेच आवाज खिळ्याचे किंवा पत्र्याच्या तुकड्याचे निघतात. प्रत्येक वेळी मात्र तितक्याच सावकाश. त्यांना "तीन महिने घरी बसा" सांगितलं गेलं तेव्हा त्या पट्ट्यांतली दोरी तशीच राहिली असेल. मार्च २०२५ मध्ये लिथुआनिया या करारातून बाहेर पडला, बाहेर पडणारा पहिलाच देश. अशा वेळी एक मोठा देश आत आला तर त्याचं वजन पडतं.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

एक : पुढच्या अधिवेशनात तुमच्यापैकी कुणीही एकाने परराष्ट्र मंत्रालयाला तारांकित प्रश्न विचारावा. क्लस्टर बॉम्बबंदीच्या ठरावावर भारत तटस्थ का राहतो, आणि ही भूमिका शेवटची कधी तपासली गेली? करारावर सही हा माझा आग्रह आहे, पण ती उद्या होणार नाही हे मला कळतं. ठरावाला होकार मात्र याच वर्षी देता येईल. त्याला ना पैसा लागतो ना एक बंदूक खाली ठेवावी लागते.

दोन : पुण्याचा उपयोग करा. मार्च २०१६ मध्ये औंधच्या लष्करी तळावर आसियान आणि मित्रदेश अशा १८ देशांचा संयुक्त सराव झाला होता, 'फोर्स १८'. त्याचा एक विषयच मुळी सुरुंगसफाई हा होता. दापोडीत लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, खडकीत बॉम्बे सॅपर्स आहेत. लाओस आणि कंबोडियाच्या शोधपथकांसाठी तिथे दरवर्षी काही जागा कायमच्या राखून ठेवा, आणि आपल्याकडून निधी जाईल तो अमेरिकेच्या निवडणुकीकडे बघत बसणारा नसावा.

तीन : आयोगाची कागदपत्रं खुली करा. लाओसमधून आलेल्या फिर्यादी, न झालेले पंचनामे, आपल्या अध्यक्षांनी काय लिहिलं आणि काय लिहिलं नाही, हे सगळं ज्या कपाटात असेल तिथून बाहेर काढून अभ्यासकांपुढे ठेवा. १९६५ च्या त्या विमानाची फाईलही त्यातच आली. त्या पाच जणांची मुलं आज माझ्या वयाची असतील.

चार : जमलं तर. आठवी-नववीच्या भूगोलात 'भूवेष्टित देश' या ओळीखाली अजून दोन ओळी घालायला शिक्षण खात्याला सांगा. त्या मी लिहून देईन.

लोकसभेच्या प्रश्नाला पंधरा दिवसांची सूचना लागते असं वाचलं. मसुदा तयार आहे, इंग्रजी आणि मराठी दोन्हींत. ज्यांना हवा त्यांनी कळवावं, मी स्वतः आणून देईन. येताना बान नापिया गावातला चमचाही आणेन. तिथे बॉम्ब आणि विमानांचं ॲल्युमिनियम वितळवून, लाकूड-राखेच्या साच्यात ओतून चमचे करतात. हातात घेतला की वजनच लागत नाही. आमच्याकडे तो मिठाच्या बरणीत असतो.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, जि. सातारा

ता. क. मागच्या निवेदनाची पोच अजून मिळालेली नाही. शिक्का गाडीतून आला असल्यास कृपया कळवावे.